दहापैकी दोन

ऑक्टोबरमधल्या एका रविवारी मी बाबांना दहापैकी दोन गुण दिले. त्या दिवसानंतर बाबांनी गाडी चालवली नाही.

गुण देण्याची पद्धत त्यांचीच होती. बाबा एसटीत चालक होते. पनवेल डेपोतून त्यांनी एकतीस वर्षं गाडी काढली, त्यातली निम्मी उरणच्या रस्त्यावर. एवढ्या वर्षांत एकही अपघात नाही, म्हणून निवृत्तीच्या आधी त्यांना एक बिल्ला मिळाला. तो त्यांनी कधी छातीवर लावला नाही. आई गेल्यावर तिच्या साड्या वाटल्या, तेव्हा त्यांनी एक साडी मागून घेतली आणि तिच्या घडीत तो बिल्ला ठेवला.

शेवटची काही वर्षं त्यांना नव्या चालकांच्या शेजारी बसवत. नवा माणूस गाडी चालवी आणि बाबा बघत राहत. संध्याकाळी ते एका कागदावर दहापैकी गुण आणि एका ओळीत कारण लिहून देत. कारण एकाच ओळीत लिहायचं हा त्यांचा नियम होता. मी एकदा विचारलं, दोन ओळी लिहिल्या तर काय बिघडतं? ते म्हणाले, “दुसऱ्या वळीत मानूस माफ करायला लागतो.”

चाचणी कशाची घ्यायची, हे त्यांना एका कोळणीने शिकवलं होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी, उरणहून येताना, एका वळणावर तिची पाटी कलंडली आणि बांगडे थेट बाबांच्या पायात आले. ती सगळ्या गाडीसमोर उभी राहून म्हणाली, “ए ड्रायवर, म्हावरा माजा हाय, रस्ता तुज्या बापाचा नाय. गारी हाकतंस का बैल पलवतंस?” गाडी हसली. बाबा खाली उतरले, बांगडे गोळा केले, पाण्याने धुऊन पाटीत ठेवले. त्या दिवसापासून ते पाटीच्या हिशेबाने गाडी चालवायला लागले. ब्रेक असा दाबायचा की पाटीला कळू नये. वळण असं घ्यायचं की वरचा मासा खालच्यावरून घसरू नये. काही महिन्यांनी तीच बाई स्टँडवर दुसरी गाडी सोडून बाबांच्या गाडीची वाट बघत बसायला लागली. “तुजीच गारी बरी,” ती म्हणे, “म्हावरा झोपतंय.” बाबा ही गोष्ट सांगताना शेवटी नेहमी एक वाक्य जोडत: “तवापास्नं मी रस्ता बघायचा सोडला, पाटी बघायला लागलो.” आम्ही दर वेळी हसत असू.

निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी, पांढरी, लहान गाडी घेतली. खांदा कॉलनीतल्या आमच्या घराखाली ती उभी असे. घरात आम्ही दोघंच होतो, बाबा आणि मी. मी शाळेच्या ग्रंथालयात काम करते; लग्न केलं नाही. मोठा भाऊ तेव्हा करंजाडेला राहायला गेला होता. नव्या इमारती, अर्धे रस्ते झालेले, अर्धे व्हायचे. त्यानेच आमच्या टीव्हीवर मोटारींच्या शर्यतींचं चॅनल लावून दिलं. बाबांनी पहिली शर्यत बघितली ती चेष्टेनेच. “हे काय? दोन तास गाडी हाकायची आनि जितनं निगाले तितंच यायचं. एक पासिंजर नाय गाडीत.”

मग एकदा पाऊस पडत असलेली शर्यत लागली. गाड्या साबणावरून घसराव्यात तशा घसरत होत्या. बाबा चटईवरून उठून टीव्हीच्या जवळ जाऊन बसले.

“ह्याचा पाय बघ, बाय.”

“पाय कुठे दिसतोय, बाबा?”

“गाडीच्या नाकात दिसतो. नाक खाली जातंय का बघ. नाय जात. ह्याच्या मागं कोळीन बसली तरी चालंल.”

त्या दिवसापासून आम्ही गुण देऊ लागलो. शाळेचं ग्रंथालय संगणकावर गेलं तेव्हा पुस्तकांची जुनी कार्डं रद्दीत निघाली होती. त्यांची एक थप्पी मी घरी आणली होती. शर्यत संपली की टीव्हीचा आवाज बंद करायचा. प्रत्येकाने दोन कार्डं घ्यायची, एकावर सर्वांत चांगला चालक, दुसऱ्यावर सर्वांत वाईट. गुण आणि एक ओळ कारण. लिहून होईपर्यंत बोलायचं नाही. मग कार्डं उघडायची आणि मी ती वहीत उतरवायची. चांगल्याला ‘बिल्ला’, वाईटाला ‘लाल शेरा’. गाडीच बंद पडली तर चालकाला शेरा नाही. आणि शेवटचा नियम: चहा झाल्यावर गुण बदलायचे नाहीत.

चालकांची नावं बाबांच्या लक्षात राहत नसत. लालवाला, निळावाला, पिवळ्या टोपीचा. जिंकणाऱ्याला त्यांच्याकडून क्वचितच बिल्ला मिळे. भाऊ कधी शर्यत बघायला आला की चिडायचा.

“अहो बाबा, तो जिंकलाय! आणि तुम्ही त्याला चार देताय?”

“जिंकला आसंल.”

“मग?”

“बसवशील का त्याच्या मागं तुज्या पोरीला?”

त्याची मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. हा प्रश्न बाबांनी इतक्यांदा विचारला की पुढे भावाने वाद घालणंच सोडलं.

अशी तीन-चार वर्षं गेली. मला गाडी चालवता येत नाही, पण त्या वर्षांत मी गाडी चालवणं बघायला शिकले. ब्रेक उशिरा लागला की मला कळायचं. टायर थकले की कळायचं. बाबांचे आणि माझे गुण जुळू लागले. कधीकधी कारणंही शब्दाला शब्द जुळत, आणि मग बाबा चहात जास्त साखर मागत.

त्या वर्षी भावाच्या घरी दीड दिवसाचा गणपती होता. आरती झाल्यावर भावाने मला गॅलरीत बोलावलं आणि दार ओढून घेतलं.

“परवा बाबांच्या गाडीतून आल्यावर पोर काय म्हणाली माहितीये? म्हणे, आजोबांनी रिक्षावाल्या काकांना बघितलंच नाही.”

“मग?”

“मी बाबांना विचारलं. ते म्हणतात रिक्षावालाच मध्ये घुसला. असेलही. पण तुझ्या वहिनीला बेलापूरला नोकरी मिळतेय. दसऱ्यानंतर जॉइन होईल. तेव्हापासून पोरीला शाळेत न्यायचं-आणायचं बाबांवर आहे, त्यांनीच सांगितलंय, मीच नेईन म्हणून. तू एकदा त्यांच्याबरोबर नीट बसून बघ.”

“तूच बस ना.”

“मी बसलो की त्यांना लगेच कळेल. तू रोजची. आणि गुण तूच देतेस. तू हो म्हणालीस तर हो, नाही म्हणालीस तर मी बोलतो त्यांच्याशी.”

त्याच दुपारी मी बाबांच्या शेजारी बसून करंजाडेहून घरी निघाले. वहिनीने आमटीचं भांडं दिलं होतं. त्याचं झाकण नीट बसत नव्हतं. मी ते मांडीवर धरलं. बाबांचे हात स्टिअरिंगवर नेहमीसारखे होते, दोन्ही बाजूंना, सैल. गाडी सुटली की थांबली ते कळत नव्हतं. खड्डे ते आधीच ओळखत आणि गाडी त्यांच्यातून उतरवून पुन्हा वर आणत, जशी एखादी बाई झोपलेलं मूल खाली ठेवते. मी आमटीकडे बघत होते.

एसटी स्टँडसमोर आम्ही डावीकडे सरकलो. डाव्या बाजूने एक रिक्षा येत होती. तिचा ब्रेक किंचाळला आणि रिक्षावाला ओरडला. बाबांनी मान वळवली नाही.

“कोन वरडला?”

“दुसऱ्या कुणालातरी,” मी म्हणाले.

घरी आल्यावर मी भांड्याचं झाकण काढलं. कडेलासुद्धा थेंब नव्हता. रात्री भावाचा फोन आला.

“आठ,” मी म्हणाले.

“आठ म्हणजे?”

“आमटी सांडली नाही.”

तो हसला. बऱ्याच दिवसांनी तसा हसला असावा. “बरं झालं बाई,” तो म्हणाला, “नाहीतर त्यांना सांगायचं म्हणजे काय सांगणार होतो मी?” मी फोन ठेवला. ते आठ गुण मी वहीत लिहिले नाहीत. रिक्षावाला ओरडला होता हे मी कुणालाच सांगितलं नाही. पाटी कलंडली नाही, असं मी स्वतःला सांगितलं. आमच्या घरात त्यापलीकडे कधी काही मोजलंच गेलं नव्हतं.

पुढचा महिनाभर मी बाबांकडे बघत राहिले. चहाचा कप ते हाताने चाचपून उचलत, पण तो डावीकडे ठेवला असेल तेव्हाच. जिन्यात शेजारच्या काकू डावीकडून वर येत असल्या तर ते त्यांना वाट देत नसत. काकू म्हणायच्या, म्हाताऱ्याला अलीकडे जरा मस्ती चढली आहे. मी हे सगळं बघत होते आणि त्याची बेरीज करत नव्हते.

मोटारींची शर्यत दिल्लीजवळ दुसऱ्यांदा झाली, तोच हा रविवार. दसरा होऊन चार दिवस झाले होते. पूजेची झेंडूची माळ गाडीच्या पुढच्या जाळीवर अजून होती, सुकून तपकिरी झाली होती. वहिनीची नोकरी दुसऱ्या दिवशी, सोमवारी, सुरू होणार होती. त्या सकाळी बाबांनी गाडी धुतली. “उद्यापास्नं डूटी हाय,” असं ते दोनदा म्हणाले. शर्यत दुपारी तीनला होती. नातीला शर्यत बघायला आणायचं म्हणून आम्ही दीड वाजता करंजाडेला गेलो. जाताना काही झालं नाही. मी रस्त्याकडे बघत होते. पहिल्यांदाच पाटीकडे, आमटीकडे, बाबांच्या हातांकडे न बघता मी फक्त डाव्या बाजूकडे बघत होते.

येताना नात मागे बसली होती आणि शाळेतलं काहीतरी गुणगुणत होती. बांधकामं चालू असलेल्या रस्त्यावर डावीकडे वाळूचे ढीग होते. ढिगामागून एक बाई रस्त्यावर आली. डोक्यावर लाकडांची मोळी. ती समोर बघत होती, आमच्याकडे नाही. मी बाबांकडे बघितलं. त्यांचे डोळे रस्त्यावर होते आणि चेहरा शांत होता. पाय हलला नाही. गाडीचं नाक खाली गेलं नाही.

“बाबा,” मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले की नाही ते आठवत नाही.

बाईने आमच्याकडे बघितलं आणि मागे उडी घेतली. मोळी पडली. एक काठी माझ्या बाजूच्या काचेला खरवडून गेली. गाडी तशीच चालत राहिली, त्याच वेगाने, एकही धक्का न बसता.

“आत्या, काठी पडली,” नात म्हणाली.

“कसली काठी?” बाबांनी विचारलं.

“झाडाची,” मी म्हणाले.

मी मागे बघायला डाव्या आरशाकडे नजर वळवली. तो मिटलेला होता. किती दिवसांपासून मिटलेला होता ते मला माहीत नव्हतं. मी सीटवर वळून मागच्या काचेतून बघितलं. बाई रस्त्याच्या कडेला बसली होती. मग ती उठली आणि वाकून काठ्या गोळा करू लागली. गाडी वळली आणि ती दिसेनाशी झाली. गाडी थांबवा, असं मी म्हणाले नाही.

घरी शर्यत लागली. नातीने चिवड्याची वाटी घेऊन टीव्हीसमोर बैठक मारली. बाबा खुशीत होते. “आपल्या देशातला रस्ता,” ते तिला सांगत होते, “बघ कसा लोण्यासारखा. आमाला मिळाला आसता तर!” माझ्या हातात चार कोरी कार्डं होती. शर्यत दीड तासाची. पाच वाजता भाऊ मुलीला न्यायला येणार होता, आणि तो दारातच विचारणार होता, बाबा, उद्या किती वाजता निघणार?

शर्यत मला दिसत होती आणि दिसत नव्हती. पहिला नंबरवाला सुरुवातीपासून पुढे होता, त्याला कुणी गाठत नव्हतं. त्याच्या मागे, मधल्या गाड्यांत, दोघं एका वळणात शेजारी शेजारी शिरले. बाहेरच्याने आत असलेल्याला जागा सोडली नाही. चाकाला चाक लागता लागता राहिलं.

“हात तुज्या!” बाबा म्हणाले. “शेजारचा दिसला नाय ह्याला.”

मी कार्डं एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“दिसला नाय का बघितला नाय, एकच हाय. लाल शेरा ह्यालाच. आरसा काय केस विंचरायला दिलाय?” नात हसली. बाबा तिच्याकडे झुकले. ती त्यांच्या डाव्या हाताला बसली होती. तिला बघायला त्यांनी सगळं अंगच वळवलं. “तू आसतीस त्याच्या गाडीत तर मी उतरवून घेतली आसती तुला. भर शर्यतीत.”

“मग त्याचा नंबर गेला असता ना, आजोबा?”

“जाऊ दे ना नंबर.”

घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. उरलेल्या वीस मिनिटांत मी काय केलं हे सांगता येणार नाही, कारण काहीच केलं नाही. मी कार्डांच्या कडा एकावर एक जुळवत होते. एका कार्डावर मागे एका कादंबरीचं नाव टंकलेलं होतं आणि ती नेणाऱ्या मुलींच्या सह्या. मी त्या सह्या वाचत होते.

झेंडा पडला. बाबांनी आवाज बंद केला. बोलायचं नाही. त्यांनी दोन कार्डं लिहिली आणि पालथी ठेवली. मी एकच लिहिलं. शाई थोडी पसरली.

त्यांनी आपली कार्डं उघडली. बिल्ला सातव्या आलेल्या कुणालातरी होता. लाल शेरा त्या बाहेरच्याला, तीन गुण, ‘शेजारचा दिसला नाही.’ बाबा बोलायचे एक आणि लिहायचे शुद्ध.

मग त्यांनी माझं कार्ड उचललं. कागद वाचताना अलीकडे ते मान किंचित वळवत आणि कागद उजवीकडे धरत. ते मी तोवर बघितलं होतं, पण त्या क्षणी मला ते दिसलं. मी लिहिलं होतं: ‘बाबा. दोन. डावीकडची बाई दिसली नाही.’

त्यांनी ते दोनदा वाचलं.

“कोनती बाई?”

त्यांनी हे रागाने विचारलं असतं तर मला सोपं गेलं असतं. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

“मोळीवाली. करंजाडेच्या रस्त्यावर. वाळूच्या ढिगामागून आली.”

“किती लांब?”

“काठी काचेला लागली.”

ते नातीकडे वळले. तिने हो म्हणून मान हलवली. “आत्या म्हणाली झाडाची होती,” ती म्हणाली.

“लागलं का तिला?”

“उठून उभी राहिली. मी बघितलं.”

“आनि आपुन थांबलो नाय.”

“नाही.”

बाबांनी ते कार्ड आपल्या कार्डांशेजारी ठेवलं. टीव्हीवर तिघं जण एकमेकांवर बाटल्यांतला फेस उडवत होते, आवाजाशिवाय. मग त्यांनी परीक्षकाच्या आवाजात विचारलं. तो आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता.

“दोन कशाचे?”

“हाताचे. एक धक्का बसला नाही. पाटी कलंडली नसती.”

“बाई दिसली नाय तर पाटीचे गुन नाय मिळत.” त्यांनी वही ओढली आणि आपल्या रकान्यात शून्य लिहिलं. माझे दोन त्यांनी शेजारी तसेच उतरवले. उघडलेलं कार्ड बदलायचं नसतं. मग ते म्हणाले, “कधीपास्नं?”

“मला नक्की माहीत नाही.”

“तुला कळलं कधी ते विचारतो.”

“गणपतीत. स्टँडसमोर रिक्षावाला ओरडला तो आपल्यालाच ओरडला होता.”

“तवा कोनी विचारलं होतं तुला?”

“दादाने.”

“किती दिले?”

“आठ.”

त्यांनी एक कोरं कार्ड घेतलं. सावकाश लिहिलं, पालथं न घालता माझ्यासमोर सरकवलं. ‘परीक्षक. शून्य. दिसलं ते लिहिलं नाही.’

“हे पन चढव वहीत,” ते म्हणाले. “आनि चहा टाक.”

मी वहीत लिहिलं. माझ्या नावापुढे. मग चहा टाकला. नात माझ्या मागे स्वयंपाकघरात आली आणि विचारू लागली, आत्या, तू नापास झालीस का? मी हो म्हणाले. ती म्हणाली, मग पुन्हा परीक्षा असते.

भाऊ पाचला आला. चपला काढता काढता म्हणाला, “काय बाबा, उद्या साडेसहाला निघायचं ना?” बाबा उठले, खिळ्यावरची गाडीची किल्ली काढली आणि त्याच्या हातात दिली.

“पोरीला रिक्षा लाव.”

“काय झालं?”

“निकाल लागला,” बाबा म्हणाले आणि आत जाऊन पडले. भाऊ माझ्याकडे बघत राहिला. तो वहीकडे आणि टेबलावरच्या कार्डांकडे गेला, त्याने ते वाचलं, आणि मुलीला घेऊन जिना उतरला.

सोमवारी मी शाळेत जाणार तर बाबा कपडे करून दारात उभे. “ती बाई बघून येऊ,” ते म्हणाले. आम्ही रिक्षाने करंजाडेला गेलो. रिक्षात ते मागे बसले आणि समोरच्या दांडीला दोन्ही हातांनी धरून राहिले. प्रत्येक ब्रेकला त्यांचा उजवा पाय खाली दाबला जात होता. रिक्षावाल्याने आरशातून बघून विचारलं, “काका, ड्रायवर होते काय?” बाबा म्हणाले, “होतो.”

वाळूच्या ढिगांशी काम चालू होतं. दोन-तीन ठिकाणी विचारल्यावर ती सापडली. डोंगरापल्याडच्या वाडीतून येऊन मजुरीला राहिलेलं कुटुंब होतं. निळ्या प्लास्टिकच्या झोपडीपुढे चूल होती आणि तीच काठ्या मोडत होती. कोपराला खरचटलेलं होतं, त्यावर हळद होती. माझ्यापेक्षा लहान असावी. मी सांगितलं, काल ती पांढरी गाडी आमची होती. ती घाबरली. आपल्यालाच काही बोलायला आलेत असं तिला वाटलं असावं.

“मी आडवी नाय आले,” ती म्हणाली. “मी कडंनंच चालले होते.”

बाबांनी हात जोडले. “बाय, चूक माजी हाय. मला दिसली नाय तू.”

ती गोंधळली, मग हसली, तोंडाला पदर लावून. “आवो म्हातारबा, त्यासाठी कशाला आलाव? लागला नाय काय. खरचटलंय निस्तं.” मग जराशाने म्हणाली, “पन तुमची गारी आली कवा ते कललाच नाय. आवाजच नाय, धडधड नाय. मांजर येते तशी आली. बाकीच्या गाऱ्या येतात त्या लांबूनच कलतात.”

तिने पाणी दिलं, ते त्यांनी उभ्यानेच प्यायलं. परतीच्या रिक्षात त्यांनी पुन्हा दांडी धरली. पुलावर म्हणाले, “तिला आवाज नाय आला.” घराजवळ उतरताना पुन्हा तेच म्हणाले. कोळणीची गोष्ट त्यांनी त्यानंतर कधी सांगितली नाही.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. डाव्या बाजूचं बरंचसं गेलं होतं, ते परत येणार नव्हतं. उरलेलं टिकावं म्हणून थेंब दिले. भावाने गाडी नेली. त्याने गॅरेजमध्ये नेण्याआधी काचेवरचा ओरखडा मला दाखवला. मी म्हणाले, काच बदलू नकोस. त्याने बदलली नाही.

आम्ही शर्यती बघत राहिलो, आणखी दीड हंगाम. बाबांना पडद्याचा मधला भाग दिसे, कडेला काय चाललंय ते मी सांगत असे. गुण देण्याची पद्धत बदलली. पाटी राहिली, पण तिच्याआधी एक रकाना वाढला: शेजारचा दिसला का? त्या रकान्यात नाही असेल तर पुढचं काही भरायचं नाही. बिल्ले कमी झाले. काही रविवारी एकही नाही. मला मात्र ते सारखं विचारत, “खरं सांग, दिसला त्याला?” आणि मी जे दिसलं ते सांगे, आवडत्याचं असलं तरी.

एकदा मी विचारलं, माझे ते गुण वाढवता येतील का. तोवर मी बऱ्याच शर्यतींत खरं सांगितलं होतं. त्यांनी थोडा वेळ विचार केला, खरंच केला.

“चहा झाला ना तवा,” ते म्हणाले.

दुसऱ्या हंगामाच्या मध्यावर, श्रावणात, बाबा गेले. आजारपण चार दिवसांचं. दिवसकार्य झाल्यावर भाऊ म्हणाला, बिल्ला तू ठेव. तो आईच्या साडीच्या घडीत आहे. भावाची मुलगी आता मोठ्या शाळेत जाते आणि बसने जाते. गाडी भाऊ चालवतो. डावा आरसा उघडा असतो. शर्यत लागली की कधीकधी मी टीव्ही लावते, पण कार्डं काढत नाही.

वही माझ्याकडे आहे. त्या रविवारच्या पानावर बाबांच्या नावापुढे माझे दोन आणि त्यांचं शून्य आहे. माझ्या नावापुढे शून्य आहे.